खायला की लावायला

बुधवारच्या बाजारात, गोदाकाठी,
पुलाच्या सावलीत गोणपाट अंथरून हिरूबाई भोये बसते.
पेठहून पहिल्या एसटीनं येते.
पुढ्यात माती लागलेलं सगळं:
अळकुड्या, कोनफळं, केसाळ करांदे
आणि मधोमध सुरण,
कुणीतरी रागानं आपटून गेल्यासारखा.

तराजू उचलायच्या आधी विचारते,
"खायला की लावायला?"

खायला, म्हणालो.
तिनं कडेचा किलोभर कापून दिला.
"हाताला तेल लाव. कोरड्यातच सोल.
चिंच टाक, नाहीतर आमसूल.
अन् घाई करू नको."

सातपूरला मी सत्तावीस वर्षं पाती घासली,
केसाच्या जाडीचे हिशेब बोटांना पाठ.
भाजीचं काय एवढं.
शैला दिंडोरीला, माहेरी.
मी नळाखाली धरून सोलला,
कुकरच्या दोन शिट्ट्या, वर फोडणी.

रात्री अकराला मनगटं लाल,
घशात काचेचा भुगा.
तोंडात ताक धरून गॅलरीत बसलो.
फोनवर शैला विचारत होती, जेवलास का,
आणि मला हो म्हणता येईना.

पुढच्या बुधवारी हिरूबाईनं मनगट पाहिलं.
हसली नाही.
"जमिनीत उंदीर, डुकरं, साळिंदर.
त्याला पळता येतं का?
मग काय करील तो, सांग."

मी म्हणालो, लावायला दे.

या खेपेला तिनं सुरी मधोमध घातली.
तुकड्यावर गुलाबी, फुगलेला डोळा.
"याच्याशिवाय नुसता कुजेल.
मऊ लागला, बुरशी दिसली,
तर घ्यायचा नाही. माझ्याकडूनसुद्धा."

कापलेल्या अंगाला राख चोळली.
तीन दिवस सावलीत ठेवला, जखम सुकेपर्यंत.
रंगाचा वीस लिटरचा डबा,
बुडाला ड्रिलनं भोकं,
अक्षय्यतृतीयेला मातीत.
पाणी बेतानं. उकरून बघायचं नाही.
मी दोनदा उकरून बघितलं.

जूनमध्ये एक ठिपकेदार दांडा वर आला
आणि खालच्या मजल्यावरची रेवती किंचाळली, साप!
मग त्या सापानं छत्री उघडली.
मी डब्यावर कंपनीतला जुना स्टिकर चिकटवला,
कवटी, दोन हाडं, धोका.
रेवती रोज लांबून नमस्कार करून जायची.

दिवाळीच्या तोंडावर पान पिवळं पडलं.
एका रात्रीत दांडा आडवा.
"गेलं तुझं झाड," शैला म्हणाली.
तिच्या आवाजात वाईट वाटणं होतं,
ते ऐकायला मी मुद्दाम गप्प राहिलो.

वर्तमानपत्रावर डबा उपडा केला.
घमेल्याएवढा नाही, पण दोन किलो शंभर.
आणि त्याच्या बुडाशी चिकटलेली
मी लावलेल्या तुकड्याची साल,
रिकाम्या चंचीसारखी.
तेवढंच शिल्लक होतं त्याचं.
ती मी पटकन बाजूला सरकवली.
का, ते माहीत नाही.

डोळ्याकडचा भाग राखेत ठेवला, कोरड्या टोपलीत.
उरलेल्यासाठी शैलाच्या हातांना तेल लावलं,
बोटांच्या बेचक्यांत, नखांखाली, मनगटाच्या वरपर्यंत.
बावीस वर्षांत इतका वेळ
तिचे हात हातात धरल्याचं आठवत नाही.
तीही काही बोलली नाही.

सोलला. चिंचेच्या पाण्यात ठेवला.
उकळला, पाणी टाकलं, पुन्हा उकळला,
सुरी लोण्यात गेल्यासारखी जाईपर्यंत.
मग नखाएवढा तुकडा तिनं, नखाएवढा मी,
जिभेच्या टोकावर.
आता दहा मिनिटं थांबायचं.

"खाजतंय?"
"अजून नाही."
"मलाही नाही."

तेवढ्यात फोन वाजला.
दोघांनी आपापल्या तेलकट हातांकडं बघितलं
आणि तो वाजू दिला.